रविवारी चुंबक घेऊन मांडवीकाठी येणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी ओहोटी लागली की दोराला बांधलेल्या चुंबकाने नदीतले लोखंड बाहेर काढायला बेतीच्या धक्क्याजवळ जमूया. फेरीबोट लागताना चुंबक पाण्यात टाकू नये. हातमोजे हवेतच; निओडिमियमचे (फार ताकदीचे) दोन चुंबक एकमेकांवर झेपावले की मध्ये सापडलेले हाताचे बोट चिरडते. पेसमेकर असलेल्यांनी कृपया लांबूनच पाहावे.

नव्यांना आधीच सांगा, सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही. गळाला लागतात त्या साखळ्या, खिळे, फार तर एखादा होडीचा नांगर. पण तोही काय सुंदर दिसतो! जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गाळातल्या वस्तूलाही आपण तोच नियम पाळू.

तोफगोळ्यासारखे काही दिसले तर दोर तिथेच सोडा, लांब व्हा, ११२ ला फोन करा. गंजके लोखंड परत नदीत नको, भंगारात द्या.