बिळात आता एकटीच श्रिंप आहे

प्रिय गड्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, तीन महिने होऊन गेले. कामाचं निमित्त सांगता येईल, पण ते खोटं ठरेल. तू सोपवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला तुझा गोबी मासा गेला. माझ्या हातून गेला. हे तुला कोणत्या तोंडानं कळवायचं, म्हणून हात आखडला होता. घरातले म्हणाले, एक मासाच तर होता. तुला तसं वाटणार नाही, म्हणूनच तुला लिहितोय.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

झालं असं की पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी उरतं ते, चढत चाललं होतं. टाकी माझ्याकडे आली तेव्हा लिटरला दहा मिलिग्राम होतं. मग वीस, चाळीस, आणि एके दिवशी टेस्टची नळी अशी लालभडक झाली की कार्ड उजेडात धरून तीनदा ताडून पाहिलं. ऐंशी. दोनशे लिटरच्या टाकीतलं वीस लिटर पाणी दर रविवारी बदलत होतो, फिल्टर सॉक, ती गाळ अडवणारी कापडी पिशवी, दर तिसऱ्या दिवशी धूत होतो, खाणं निम्म्यावर आणलं होतं. तरी उतरेना. हिशेब अगदी साधा आहे, पण तेव्हा डोक्यात शिरला नाही: दहा टक्के पाणी बदललं की नायट्रेटही दहाच टक्के उतरतं. ऐंशीचं बहात्तर होतं, आणि पुढच्या रविवारपर्यंत मासे ते भरून काढतात.

मग आपलं जुनं भांडण डोक्यात उसळलं. आठवतं ना, टाकी हलवताना तू वाळूवर हात आडवा धरलास आणि म्हणालास, ‘हिला हात लावायचा नाही.’ मी म्हणत होतो की या वाळूत तुझ्या माशांची सहा वर्षांची घाण साठली आहे. दादा मध्ये पडला नसता तर त्या दिवशी आपण बोलणंच टाकलं असतं. तर त्या रविवारी मी सायफन, म्हणजे पाण्याबरोबर गाळ ओढणारी नळी, घेतला आणि मागच्या कोपऱ्यातली सगळी वाळू एका बैठकीत उपसायला घेतली.

वरचा पांढरा थर गेला. खाली राखाडी, आणि त्याच्याही खाली काळी. नळी त्या काळ्या थरात गेली आणि सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. मी थांबायला हवं होतं. ऑक्सिजन पोचत नाही त्या थरात हायड्रोजन सल्फाइड तयार होतं, हे तूच मला शिकवलंस. पण हातात नळी, समोर घाण निघताना दिसतेय, अशा वेळी माणूस थांबत नाही. दहा मिनिटांत पाणी गढूळ झालं. क्लाउनफिशची जोडी वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागली. मोठी मादी, जी माझ्या बोटालाही चावायला धावते, ती एका अंगावर कलली होती.

एक गोष्ट मात्र तुझ्यामुळे वाचवता आली. आदल्या दिवशी मीठ घालून फिरवत ठेवलेलं पाणी बादलीत तयार होतं, घनता १.०२५, तापमान २६. दोघांना त्यात घातलं, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लावला. टाकीत विष शोषणारा कार्बन टाकला, पाणी ढवळणारा पंप, पॉवरहेड, पृष्ठभागाकडे वळवला. संध्याकाळी अमोनिया तपासला तर नळी हिरवी झाली, ०.५. गोड्या पाण्यात, पीएच सातला, एवढ्यावर निभावून गेलं असतं. आपलं पाणी ८.२ चं. पीएच एकानं चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून इथे हाच आकडा जिवावर उठतो.

गोबी सापडत नव्हता. त्याचं बीळ मी सायफननं मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी तो खडकामागे सापडला. तू त्याला आणि त्या पिस्टल श्रिंपला, त्या टिचकी वाजवणाऱ्या कोळंबीला, एकाच पिशवीतून आणलं होतंस. ती अर्धी आंधळी, बिळातून बाहेर आली की एक मिशी कायम त्याच्या शेपटीला लावून असायची. तू तासन्‌तास बघत बसायचास. वहिनी म्हणायच्या, लग्न माझ्याशी केलंस की त्या कोळंबीशी!

आता खरं सांगतो. गुन्हेगार वाळू नव्हतीच. आठवड्याभरानं स्किमर उघडला, बुडबुड्यांच्या फेसातून घाण वर कपात काढणारं ते यंत्र. कप तळाशी जेमतेम ओला असायचा, आणि मी समजत होतो की काढण्यासारखं काही नसेल. हवेची नळी मिठाच्या पापुद्र्यानं बंद झाली होती. गरम पाण्यात बुडवली, सुई फिरवली, आणि बारा तासांत कपात काळपट हिरवा दाट गाळ उतरला. वास असा की खिडकी उघडावी लागली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता! हे सगळं इतके महिने पाण्यात राहत होतं, कुजून अमोनिया होत होतं, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करत होते. स्किमर ती घाण कुजायच्या आत बाहेर काढतो. बाकीची बहुतेक साधनं कुजल्यावरची निस्तरतात.

आणि तुझ्या नसेरियस गोगलगायी! ‘त्या सगळं साफ करतील,’ हे तुझं वाक्य मी शंभरदा ऐकलंय. त्या उरलेलं खाणं खातात हे कबूल. पण खाऊन त्याही घाणच करतात ना? टाकीच्या बाहेर गेलं तेच गेलं. यावर तू भांडणार हे माहीत आहे, भांड.

आता नायट्रेट पंधरावर आहे. संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, किटोमॉर्फा शेवाळ लावलंय, दिवा टाकीच्या उलट वेळेला, रात्री. दर पंधरा दिवसांनी मूठभर काढून टाकतो, त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बाहेर जातं. खडकांमागे साचलेला गाळ पिचकारीनं उडवून सॉकमध्ये पकडतो.

प्रश्न उरलेल्या वाळूचा आहे. मागे अजून दहा सेंटिमीटरचा थर आहे. ठेवू की काढू? काढायचा तर दर वेळी तळहाताएवढाच तुकडा, पाणी बदलताना, आणि काळा रंग दिसला की थांबायचं, असं मनात आहे. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. रात्री दिवे गेले की त्याच कोपऱ्यातून श्रिंपची टिचकी ऐकू येते, काचेवर नख मारल्यासारखी. तिनं नवीन बीळ केलंय. तिच्यासाठी दुसरा गोबी आणावा का? ती त्याला घेईल? की तिला असंच राहू द्यावं?

तुझ्या नव्या नोकरीचं ऐकलं, अभिनंदन. पोरीची परीक्षा कशी गेली ते कळव. वहिनींना नमस्कार, आणि गोबीचं त्यांना तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

वाळूचं मात्र लगेच लिही.

तुझाच