खांबावर चढायला कुठे शिकायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे दहावी झालेल्या मुलाला आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडला घालावे, असे नागपुरातल्या पुष्कळ घरांत ठरूनच गेलेले असते. एकतीस वर्षे लाइनवर काढून निवृत्त झालेला मी याबद्दल तक्रार कशी करणार? तक्रार आहे ती अभ्यासक्रमातल्या एका उणिवेबद्दल.

शेजारचा मुलगा वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आपली प्रात्यक्षिकांची वही दाखवली, तेव्हा जिना वायरिंग, गोदाम वायरिंग, स्टार-डेल्टा स्टार्टर, सगळे सुबक काढलेले होते. मी विचारले, ‘‘डिस्चार्ज रॉडची (बंद लाइन हात लावण्याआधी जमिनीशी जोडणाऱ्या दांड्याची) वायर आधी कुठे लावायची, अर्थला म्हणजे जमिनीला की लाइनला?’’ तो गप्प राहिला. आधी अर्थला, मग लाइनला, आणि काढताना बरोबर उलट. हा क्रम चुकला तर रॉड हातात धरणाराच अर्थ होतो.

उमरेड रोडकडे वादळानंतर तुटलेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) जोडायला आम्ही दोघे गेलो होतो, तो प्रसंग मी विसरलेलो नाही. परमिट (लाइन बंद करून काम करण्याची लेखी परवानगी) मिळालेले होते, एबी स्विचचे (खांबावरून लाइन तोडणाऱ्या स्विचचे) हँडल खाली ओढून कुलूप घातलेले होते, पण तीनपैकी एक ब्लेड वर तशीच चिकटून राहिली होती आणि अंधारात ती आम्हा दोघांनाही दिसली नाही. जोडीदाराने रॉड लाइनला लावताच मोठी ठिणगी उडाली आणि फीडर ट्रिप झाला, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइन आपोआप बंद पडली. रॉड न लावता आम्ही वर चढलो असतो, तर हे पत्र मी लिहीत बसलो नसतो. आता त्यात जनरेटरची भर पडली आहे. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) न बसवता कोणी तो चालू केला, तर घरातली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन वरच्या बंद लाइनवर 11 हजार व्होल्ट उभे करू शकते. (छतावरचा सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून थांबतो, जनरेटरला तेवढी अक्कल नसते.)

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पुढे हे सगळे शिकायला मिळते, असे सांगितले जाते. मिळते, पण तिथे शिकवणाऱ्याच्या डोक्यावर तक्रारींचा ढीग असतो आणि त्याला पोराला समजावण्यापेक्षा लाइन चालू करण्याची घाई असते. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत लाइनमनच्या अभ्यासक्रमाला खांब रोवलेले मैदानच असते. त्यांचे खांब लाकडी, पायाला आकडे बांधून चढायचे. आपल्या सिमेंटच्या खांबाला ती रीत चालत नाही, तिथे शिडी आणि सेफ्टी बेल्टच लागतो. म्हणून नक्कल नको, मैदान मात्र हवे. इथल्या आयटीआयच्या किंवा कम्युनिटी कॉलेजच्या आवारात दीड मीटर जमिनीत गाडलेले नऊ मीटरचे चार-पाच खांब, त्यांवर कायमची बंद 11 केव्हीची लाइन, एक एबी स्विच आणि एक जुनी डीपी (ट्रान्सफॉर्मर बसवलेली खांबांची जोडी) एवढे पुरे आहे. परमिट घेण्यापासून ते परत करण्यापर्यंतचा सराव तिथे प्रत्येक मुलाकडून, आणि या ट्रेडला येणाऱ्या मुलींकडूनही, निदान वीस वेळा करून घ्यावा.

असे आवार कोणी उभारणार असेल, तर आठवड्यातून दोन दिवस मी विनामानधन शिकवायला येईन. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी सहालाच. नऊनंतर आपल्याकडचे लोखंड हातात धरवत नाही.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, नागपूर