करार पंचवीस वर्षांचा, हिशेब तासाचा हवा

महोदय,

उद्योगांनी सौर आणि पवन प्रकल्पांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. टाटा मोटर्सने टाटा पॉवरच्या कंपनीबरोबर १३१ मेगावॉटच्या पवन-सौर प्रकल्पासाठी केलेला करार त्यांपैकीच. महाराष्ट्र आणि गुजरातमधील सहा कारखान्यांना त्यातून वर्षाला सुमारे ३० कोटी युनिट मिळणे अपेक्षित आहे. अशा बातम्यांत मेगावॉट असतात, वाचणारे कार्बनचे टन असतात. मात्र वीज तयार कधी होते आणि कारखाना ती वापरतो कधी, हे बहुधा नसते. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, विद्युत विभाग सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला नेमके तेच खटकते.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार ग्रिडमधील, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातील, प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आमच्या आवारात धूर दिसो वा न दिसो, टनामागे चारशेहून अधिक किलो कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून बाहेर पडलेला असतो. भंगाराची प्रतवारी आणि भट्टीचे अस्तर सुधारून यात थोडी घट होते. त्यापुढे जायचे तर वीजच बदलायला हवी, आणि भट्टीला पुरेल एवढे पॅनेल मावतील असे छप्पर आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

दूरच्या प्रकल्पाशी करार करण्याला म्हणूनच अर्थ आहे. पंधरा-वीस वर्षांचा ग्राहक बांधलेला असला की प्रकल्पाला बँक कर्ज देते आणि नवी पवनचक्की खरोखर उभी राहते. आधीच चालू असलेल्या प्रकल्पाची हरित विजेची प्रमाणपत्रे विकत घेऊन तसे घडेलच असे नाही. पण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील दरसवलतीमुळे वर्षानुवर्षे आमच्या भट्ट्या रात्री चालत आल्या. रात्री दोन वाजता लॅडलमध्ये, म्हणजे ओतकामाच्या मोठ्या पात्रात, वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला जात असताना सौर प्रकल्प अंधारात असतो, तरी वर्षाच्या बेरजेत तो रस ‘हरित’ ठरू शकतो. सह्याद्रीवरचा वारा ही उणीव पावसाळ्यात बरीचशी भरून काढतो, हिवाळ्यात नाही. उत्सर्जन मोजण्याचे २०१५ पासूनचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन अशा कंपन्यांना दोन आकडे द्यायला सांगते, एक प्रत्यक्ष ग्रिडनुसार आणि दुसरा करारानुसार. जाहिरातीत दुसराच झळकतो. निदान वृत्तपत्रांनी तरी दोन्ही विचारावेत.

लहान कारखान्यांची अडचण वेगळी आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित खुल्या प्रवेशाची, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट हरित प्रकल्पाकडून वीज घेण्याची, किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे दार उघडले खरे. पण क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी उद्योगांवर बसणारा आकार) टाळायचा तर सामूहिक कॅप्टिव्ह प्रकल्पात, म्हणजे अनेकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या प्रकल्पात, ग्राहकांनी मिळून किमान २६ टक्के भागभांडवल घालावे लागते आणि वर्षाला किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरावी लागते. वापर त्याखाली घसरला की त्या वर्षापुरता कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि अधिभार मानेवर बसतो. आमच्या हातात आमचा माल घेणाऱ्या वाहन कंपनीचे जेमतेम तीन महिन्यांचे मागणीचे वेळापत्रक असते. त्या भरवशावर पंचवीस वर्षांच्या कागदावर सही कशी करायची? ज्या मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडून दर वर्षी उत्सर्जनाचा तक्ता मागवतात, त्यांनी स्वतःच्या करारात पुरवठादारांना सामील करून घ्यावे, नाहीतर किमान त्या मुदतीच्या निम्म्या काळाच्या खरेदीची हमी द्यावी.

आमच्याकडे काही वितळ आता दिवसपाळीत घेऊन पाहिली आहे. विजेचे गणित त्यामुळे बरेच जुळते. मात्र एप्रिलच्या दुपारी भट्टीसमोर उभे राहणाऱ्या माणसासाठी ताकाची आणि पंख्यांची सोय वाढवावी लागली, आणि तो खर्च उत्सर्जनाच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर