हायवेवरच्या टायरवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

हेवी लायसन्स हातात आलं की पोरं विचारतात, "कुठल्या ट्रान्सपोर्टला लागू?" मी त्यांना जे सांगतो ते सगळं तुमच्याकडनं शिकलेलं. म्हणून हे आभार चारचौघांत मांडतोय.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीला तुमच्या दुकानात आलो तेव्हा तुम्ही एकाही कंपनीचं नाव घेतलं नाही. "हितं बस आणि येणाऱ्या गाड्या बघ," एवढंच म्हणालात. कुणाच्या गाडीला पुढच्या चाकाला रिमोल्ड (जुन्या टायरवर नवा थर चढवलेला टायर) चढवतात, कुणाची स्टेपनीसुद्धा गुळगुळीत, कुठला ड्रायव्हर पंक्चरचे पैसे स्वतःच्या खिशातनं देतो, सगळं तिथं बसल्या जागी दिसत होतं. टायरला पैसे न सोडणारा मालक ड्रायव्हरला काय सोडणार, हे मला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून विमा आणि फिटनेसची तारीख बघायलाही तुम्हीच लावलंत.

मग तुमचं ते वाक्य: "पगार मागनं इचार. हिशेब कवा हुतो ते पयला इचार." पगाराचा आकडा कुणीही मोठा सांगतो. ट्रीप संपल्यावर भत्ता, वराई (माल चढवा-उतरवायची हमाली), डिझेल यांचा हिशेब त्याच आठवड्यात मिटतो की महिनोन् महिने लोंबतो, त्यावर घरची चूल चालते. हॉल्टिंगचंही तसंच. होसूर किंवा चेन्नईला कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) घेऊन गेलं आणि कारखान्याच्या गेटवर दोन दिवस गाडी उभी राहिली, तर त्या दिवसांचा भत्ता कोण देणार, हे कामाला लागायच्या आधीच विचारायला हवं.

उचलीबद्दल, म्हणजे कामाआधी मालकाकडनं घेतलेल्या आगाऊ पैशांबद्दल, तुम्ही फार कडक बोललात. माझ्या मते ड्रायव्हरच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची सूचना तीच. दारात आल्या आल्या मोठी उचल देणारा मालक पुढं सुट्टी देताना, ओव्हरलोड भरताना, रात्रीची गाडी काढायला लावताना तीच उचल डोळ्यांपुढं नाचवतो. पैसे फिटेपर्यंत नाही म्हणायची सोय राहत नाही. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि पासिंग, म्हणजे कायद्यानं चालणारं वजन! दहा टायरीचं पासिंग गाडीसकट 28.5 टन. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागं आणखी 2,000. "दंड कुणाच्या नावावर पडतो?" हा प्रश्न मी तुमच्या सांगण्यावरनं, काम मागायला गेलो त्या तिन्ही ट्रान्सपोर्ट ऑफिसांत विचारला. एका ठिकाणी मॅनेजर हसला. तिथनं मी उठलो.

तासांचंही खरं सांगितलंत. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचे 8 तास ठरवले होते, लांब पल्ल्याला फार तर 10, आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. लायनीवर ते कोण पाळतो? पण बेंगळुरूच्या लांब ट्रीपला दुसरा ड्रायव्हर देणारे मालक कोल्हापुरात आहेत, हे तुम्ही दाखवून दिलंत. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. पोरं ती बघून भुलतात. मी म्हणतो, एसी चांगलाच, पण आधी त्या केबिनमधनं नुकत्याच उतरलेल्या ड्रायव्हरशी चहा घ्या.

मी आता गोकुळ शिरगावच्या एका छोट्या ट्रान्सपोर्टला आहे. गाड्या मोजक्याच, पगार थोडा कमी, हिशेब शनिवारी चोख. अंबाबाईच्या नवरात्रात घरी राहायला मिळालं. आई तुम्हाला न भेटता तुमचं नाव घेते.

आमच्या गल्लीतल्या दोघांची लायसन्स नुकतीच झालीत. सोमवारी त्यांना तुमच्याकडं पाठवतोय. त्यांनाही तुमच्या दुकानात दिवसभर बसू द्या.

तुमचा,
होसूर लायनीचा ड्रायव्हर