पक्याला पत्र: आधी डोळा कुठे ते ठरव

प्रिय पक्या,

तुझं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि त्याच रात्री झूम करकरून बघितलं. रोबो जबरदस्त जमलाय रे, गुडघ्यातले पिस्टन, लोंबणाऱ्या वायरी, गंजलेला पत्रा, सगळं खरं वाटतं. पण तू विचारलंस ना की एवढं घासूनही चित्र हलत का नाही आणि पळणारा पायलट वरून चिकटवल्यासारखा का दिसतो, ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीये म्हणून लिहायला बसलो.

माझं सरळ म्हणणं आहे की तू मशीनपासून सुरुवात करतोस. सायफाय सीनमध्ये मशीन सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे ते ठरव, मग माणसाचं वजन कुठे पडतंय ते, आणि मग काय ते पिस्टन.

तुझ्या चित्रात हँगरची, म्हणजे यान ठेवायच्या त्या मोठ्या शेडची, जमीन वरून बघितल्यासारखी आहे, रोबो खालून आणि पायलट एकदम समोरून. डोळा एकच हवा. तू रोज डोंबिवलीहून येतोसच, तर दादरला उतरलास की प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं थांब आणि गर्दीकडे बघ. तुझ्या उंचीची माणसं जवळ असोत नाहीतर पार त्या टोकाला, सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेत येतात, पाय मात्र लांबच्यांचे वर वर सरकत जातात. तीच हॉरायझन लाइन. बाकड्यावर बसलास की ती उभ्या माणसांच्या छातीशी उतरते, ब्रिजवर चढलास की सगळ्यांच्या डोक्यावरून जाते. इटलीतल्या अल्बर्टीने 1435 मध्ये चित्रकलेवरच्या पुस्तकात हेच लिहून ठेवलंय, देवळात फिरणाऱ्या माणसांची डोकी जवळपास एका उंचीवर दिसतात आणि मागच्यांची पावलं पुढच्यांच्या गुडघ्याच्या पातळीला येतात म्हणून.

आणि हे रोबोला कसं लागतं बघ, मला यातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते. समज बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून 5 फुटांवर आहे आणि हॉरायझन लाइन रोबोच्या गुडघ्यातून जाते. गुडघा साधारण उंचीच्या पावभागावर धरला तर तुझा रोबो झाला 20 फुटांचा. आता त्याच सपाट जमिनीवर दुसरा रोबो लांब काढ, बारीक काढ, गुडघा त्याच रेषेवर ठेवलास की तोही 20 फुटांचाच वाटणार, काही मोजत बसायला नको. साधारण साडेपाच फुटी पायलटचे डोळेसुद्धा त्याच रेषेवर आले की तो आपोआप त्या जमिनीवर उभा राहतो.

तुझे दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, कागदाच्या आतच आहेत, म्हणून यानाचा कोपरा असा टोचतोय. बाजूला जुने पेपर चिकटव आणि दोन पॉइंटमधलं अंतर कागदाच्या रुंदीच्या दुप्पट तरी जाऊ दे.

आता फिगर, म्हणजे माणसाचं शरीर. इथे घाई करू नकोस. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो ना, ती पोरं एकदा स्केच करायला बस. एखादा पोरगा खांबाला मांडीची पकड घालून आडवा होतो तेव्हा छातीचा पिंजरा एकीकडे वळलेला असतो, कंबर दुसरीकडे, आणि मधल्या पोटाची एक बाजू चेपून घड्या पडतात, दुसरी ताणून गुळगुळीत होते. तेवढंच काढ, चेहरा नको, बोटं नकोत. छाती एक खोकं, कंबर दुसरं, दोघांचे व्हॅनिशिंग पॉइंट वेगळे कारण दोघं वेगळे कललेत, पण बघणारा डोळा तोच. पर्स्पेक्टिव्ह (एका डोळ्याने जवळ-लांब कसं दिसतं ते) आणि फिगर हे दोन वेगळे विषय नाहीतच हे मला तिथे बसून जेवढं कळलं तेवढं कुठल्या व्हिडिओतून कळलं नाही. फोरशॉर्टनिंगची, म्हणजे आपल्याकडे रोखलेला अवयव आखूड दिसतो त्याची, भीतीपण तिथेच जाते, तुझ्याकडे येणारी तंगडी म्हणजे एकामागे एक ठेवलेली खोकी, पुढचं मागच्याला झाकतं, बस.

तुझ्या पायलटचं दुखणं वजनाचं आहे. माणूस स्थिर उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा टेकलेल्या पायाजवळ पडतो. जीव घेऊन पळ काढणाऱ्याचा तो पायाच्या बराच पुढे जायला पाहिजे, तो खरं तर पडत असतो आणि पुढचा पाय त्याला सावरतो. तुझा पायलट पाय फाकवून ताठ उभाय. उजवा पाय पुढे असेल तर डावा खांदा पुढे आण, पिळा दिसू दे.

परतीच्या लोकलमध्ये सीट मिळाली तर अजून एक गोष्ट बघ. ब्रेक लागला की वरची सगळी हँडल एकदम पुढे झुलतात, एकाच कोनात, आणि खाली उभी असलेली माणसं मागे रेलून तोल सावरतात. यानाला धक्का बसल्याचा सीन काढायचा असेल तर स्फोटाच्या आधी हे दाखव, लोंबणारं सगळं एका दिशेला आणि माणसं उलट्या दिशेला. इंजिन चालू असताना आतल्या माणसांना इंजिनाची बाजूच ‘खाली’ वाटणार हेपण धरून चाल. इंजिन बंद झालं की गोष्टच वेगळी, वजनच जाणवत नाही. तिथे सैल सोडलेलं शरीर ताठ राहत नाही, 1973-74 मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर ते नीट बघितलं गेलं, हात आपोआप छातीपुढे तरंगतात, गुडघे थोडे वाकतात, मान जरा पुढे येते. तू तरंगणारी माणसं काढतोस तेव्हा ती सुपरहिरोसारखी हात पसरून असतात, ते बदल.

हँगर टाकून देऊ नकोस, आयडिया मस्त आहे. फक्त मोठ्या कागदावर जायच्या आधी काडेपेटीएवढे थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, कर, प्रत्येकात हॉरायझन लाइन वेगळ्या उंचीवर, एकात थोडी तिरकीपण करून बघ, आणि मला पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. इंजिनाच्या तोंडाचे गोल कललेले दिसतायत. एलिप्सचा (तिरका बघितलेला गोल असाच लांबट दिसतो) मायनर अ‍ॅक्सिस, म्हणजे आखूड आस, नेहमी इंजिनाच्या आसाच्या रेषेतच ठेवायचा. बेस्टच्या बसच्या चाकाकडे तिरकं उभं राहून बघ, लगेच कळेल.