आजीला सांग, मी मासे मारत नाही

ॲशबी, मिनेसोटा
१६ जानेवारी

प्रिय आई,

तिळगूळ पोचला. अर्धा ऑफिसात वाटला, अर्धा लपवलाय. थंडीचं विचारू नकोस. घर उबदार आहे, मी दोन वेळा जेवते.

बर्फावर गाड्या नेतात असं फोनवर बोलून गेले, तेव्हापासून बाबांना झोप नाही म्हणे. नीट सांगते. इथे तळं गोठलं की त्यावर वस्ती बसते. माणसाला चार इंच बर्फ पुरतो, पिकअपला तेरा-एक लागतो. आधी भोक पाडून मोजतात. मग लाकडी खोल्या ओढत नेतात. आत शेगडी, पलंग, कुणाकडे टीव्हीसुद्धा! फरशीला भोक, खाली बर्फाला भोक, त्यात गळ, आणि माणूस दिवसभर गप्प. खोलीवर मालकाची ओळख लिहायची, मार्चात ठरलेल्या तारखेआत ती हलवायची. मासा मिळाला नाही तरी वाईट वाटत नाही यांना! मी एकदाच गेले, तेही चालत. बाबांना सांग.

आता आजी. ‘मासे मारायला एवढ्या लांब गेलीस?’ नाही गं. माझं काम ज्या तळ्यावर आहे, ते लेक क्रिस्टीना चार हजार एकरांचं, पण उथळ. अशी तळी पूर्वी दुष्काळात आटायची, मासे आपोआप कमी व्हायचे. पाणी कायम राहिलं की मासे माजतात. शेवाळ खाणारे बारीक जीव खाऊन टाकतात, तळाचा गाळ ढवळतात. पाणी हिरवट गढूळ, ऊन तळापर्यंत जात नाही, पाणवनस्पती मरतात. मग कॅनव्हासबॅक बदकं कशाला थांबतील? डोकं आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या लालसरीसारखं तांबूस असतं त्यांचं. १९६५, १९८७, २००३ अशा तीन वेळा औषध टाकून मासे मारले. पाणी निवळलं, काही वर्षांनी परत तेच. म्हणून आता पंप आहेत. पाणी उतरवायचं, मग बर्फाखाली हवा संपून मासे मरतात. मी उन्हाळ्यात होडीतून दोरीचं दाताळं फेकते, वर कुठली वनस्पती आली ते लिहिते. बस. यात पाप कुठे?

द्राक्षं उतरवायला यंदाही मी नाही. सोसायटीच्या हप्त्याला साठ हजार पाठवलेत, बाबांनी ‘कशाला’ म्हणू नये. मामांच्या स्थळाला सध्या नको कळव. माझा करार सप्टेंबरपर्यंतच आहे, त्यांना काय सांगणार? दादाच्या लग्नाला मे महिन्यात यायचं बघतेय. माझं ‘बघते’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण या वेळी खरंच तिकिटं उघडून बसलेय.

आजीसमोर ‘मारले’ म्हणू नकोस, ‘गेले’ म्हण.

तुझी,
मनू