दुसरा व्हॉल्व्ह आहे म्हणून

मा. संपादक,
स. न.

अण्वस्त्रांचा विषय निघाला की शेजाऱ्याकडे किती आणि आपल्याकडे किती, एवढेच आपण मोजतो. ती आपल्याच हातून चुकून सुटू नयेत म्हणून काय केले जाते, यावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

अभ्यासकांत यावर दोन तट आहेत. शिस्त, सराव आणि दुहेरी-तिहेरी तपासण्या असल्या की धोक्याची यंत्रणाही वर्षानुवर्षे सुरळीत चालते, असे एक गट म्हणतो. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी 1984 मध्ये उलट मांडले. यंत्रणा गुंतागुंतीची आणि तिचे भाग एकमेकांत घट्ट अडकलेले असतील, तर अपघात कधी ना कधी होणारच. राज्यशास्त्रज्ञ स्कॉट सेगन यांनी ही कसोटी अमेरिकेच्या अण्वस्त्रांना लावली. जादा तपासण्यांमुळे माणसे एकमेकांवर विसंबतात, हेही त्यांनी दाखवले.

मला ते लगेच पटले. माझी तीस वर्षे साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. बॉयलरला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, दाब फार वाढला की वाफ सोडून देणारे. एका गळीत हंगामात त्यातला एक अडकून बसलेला सापडला. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. तिन्ही पाळ्यांचे उत्तर एकच, ‘दुसरा आहे की!’ त्यातली एक पाळी माझी होती. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही.

ऑगस्ट 2007 मध्ये अमेरिकेच्या मायनॉट हवाई तळावरून सहा क्षेपणास्त्रे अण्वस्त्रांसकट विमानाने बार्क्सडेल या दुसऱ्या तळावर गेली. सुमारे 36 तास कुणाला पत्ता नव्हता. तपासणीच्या पायऱ्या भरपूर होत्या, त्या एकामागून एक गाळल्या गेल्या.

आपल्याकडे 9 मार्च 2022 रोजी ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर अण्वस्त्र नव्हते, जीवितहानीही झाली नाही. सरकारने आधी तांत्रिक बिघाड सांगितला. ऑगस्टमध्ये कार्यपद्धती न पाळल्याबद्दल हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. कारवाई हवीच होती. पण ती पद्धत मोडणे शक्य कसे झाले, हे आपल्याला कळले नाही. बॉयलरवरचा माणूस बदलला म्हणून व्हॉल्व्ह सुटा होत नाही.

आज हे विचारायचे कारण आहे. आपल्याकडे अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवण्याची रीत होती, असे जाणकार सांगतात. माझ्या मते याहून भक्कम कुलूप नाही. अरिहंतसारख्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीत किंवा कॅनिस्टरमध्ये, म्हणजे बंद नळकांड्यात, डागायला तयार ठेवलेल्या अग्नी-5 क्षेपणास्त्रात ते अंतर राखणे अवघड आहे.

गुपिते कुणी फोडावीत असे मी म्हणत नाही. अशा चौकशीचा अहवाल निदान संसदेच्या समितीपुढे, बंद दाराआड का होईना, जावा. सांगली-साताऱ्याची कितीतरी पोरे या दलांत आहेत, तपासणीच्या पायऱ्यांवर तीच उभी असतात. आमच्या खासदारांना आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न विचारावा, ही विनंती.

— एक निवृत्त बॉयलर अभियंता, विश्रामबाग, सांगली